आर्याचं उष्टं

माझी नात आर्या पहिल्यांदा ओकली ती शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये, नागोया सोडल्यावर. ओनिगिरीची, त्या भाताच्या मुटक्यांची, रिकामी पिशवी मी वेळेवर तिच्या तोंडाखाली धरली, म्हणून सीट वाचली. दुसऱ्यांदा ओकली कोबेच्या बंदरावर, बायकांच्या संडासात, थेट माझ्या बुटांवर. तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि आमचं जहाज दोनला सुटणार होतं.

मी छत्तीस वर्षं ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. स्नेहलता सिस्टर राउंडला येतायत म्हटलं की वॉर्डातले नातेवाईक पलंगावरून टुणकन उठायचे. तेव्हा मला कुणी गाडी लागल्याच्या गोष्टी सांगू नयेत. पोरीचे हातपाय गार, तोंड पांढरंफटक, आणि दोनच दिवसांपूर्वी शाळेनं तिचा अख्खा वर्ग घरी पाठवलेला, कारण नऊ मुलं एका आठवड्यात ओकली होती. हे काय आहे ते मला चांगलं कळत होतं. माझ्या मुलालाही कळत होतं. पण त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"आई, गाडी लागली तिला," सूनबाई म्हणाली. अस्मिता एरवी समंजस पोरगी आहे. "तुम्ही प्लीज तिच्यासमोर व्हायरस-व्हायरस करू नका."

"गाडी लागायला ती काय घाटातून गेली?"

अस्मिता ओल्या रुमालानं माझे बूट पुसत बसली.

बंदरावर प्रत्येकाला एक फॉर्म भरायचा होता. गेल्या तीन दिवसांत उलटी, जुलाब, ताप? सोबतच्या कुणाला? हो असेल तर तुम्हाला बाजूला घेणार, डॉक्टर तपासणार, आणि बहुतेक करून घरी पाठवणार. अंबरीषनं पेन काढलं आणि टकाटक 'नाही'वर खुणा केल्या, स्वतःच्या आणि आर्याच्याही. टोकियोतल्या बँकेत दिवसभर लोकांच्या फॉर्मातल्या चुका शोधणारा माझा मुलगा. मग माझा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"आई, चार वर्षांनी भेटतोय आपण. ही सुट्टी मला कशी मिळाली ते मलाच माहीत. तू म्हणालीस ना, बेटं बघायचीत? मग कर ना सही."

हो, म्हणाले होते मी. तोयोसुच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर, दहा दिवस काचेतून बाहेर बघून विटले होते. मुलगा रात्री दहाला येणार, सून लॅपटॉपशी बोलणार, नात शाळेत. जहाजावर सात दिवस हे तिघं कुठे पळून जाणार नव्हते. ते मला हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. मी 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना हात धुवायला लावले आणि स्वतः असं वागले. शी!

जहाज म्हणजे तरंगता मॉलच. पायाखाली जाड गालिचे, त्यांना कोंदट वास. पलंगावर टॉवेलाचा केलेला हत्ती. आणि खाणं! माणसं ताटात डोंगर रचत होती आणि अर्धा डोंगर तसाच टाकून दुसरा रचायला उठत होती. बघूनच माझं पोट भरलं. आर्याचा रंग मात्र परत आला होता. "बघ," अंबरीष म्हणाला, "ठणठणीत आहे." बऱ्या झालेल्या पेशंटकडून रोग जास्त पसरतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी मूग गिळून बसले.

आमच्या टेबलावर एक जपानी बाई एकटीच होती. कुबोता हात्सुए-सान, वय ब्याऐंशी, पाठीत वाकलेली, पण केस अगदी नीट विंचरलेले. मला जपानी येत नाही, तिला मराठी येत नाही. मध्ये आमची सात वर्षांची दुभाषी. आर्याला माझ्याशी मराठी बोलायला दोनदा सांगावं लागतं, पण त्या संध्याकाळी तिची टकळी नुसती चालू होती.

"आजी, ती म्हणते तिची मोठी बहीण इशिगाकी बेटावर राहते. एक्याण्णव वर्षांची आहे. म्हाताऱ्या लोकांच्या होममध्ये. अकरा वर्षं भेटली नाही."

"का गं?"

आर्यानं विचारलं. "हार्ट. डॉक्टर म्हणाले प्लेनमध्ये बसू नको. म्हणून शिप. परवा सहा तास मिळणार, बास. मग शिप निघते."

बाईंनी पाकिटातून फोटो काढला. गोल चेहऱ्याची, कपाळाच्या मधोमध तीळ असलेली म्हातारी, चाकाच्या खुर्चीत. मग त्या हसत काहीतरी म्हणाल्या. आर्या म्हणाली, "तिच्या रूमला खिडकी नाहीये, चीप आहे ना. ती म्हणते खिडकी कशाला, मला फक्त ताईला बघायचंय."

मला बाई फार आवडल्या. आपल्याकडच्याच वाटल्या. मी त्यांना खुणेनंच सांगितलं, माझीही एक बहीण आहे, कोल्हापूरला, तिचेही गुडघे गेलेत. दोघी हसलो.

एवढ्यात आर्यानं पुडिंगचे दोन चमचे खाल्ले आणि वाटी ढकलली. बाईंनी ती वाटी बघितली. "मोत्ताइनाई," म्हणाल्या. वाया घालवू नये, एवढाच त्याचा अर्थ, तेवढं मलाही ठाऊक होतं. आणि त्यांनी आर्याचाच चमचा उचलला, आर्याच्याच वाटीतून पुडिंग घेतलं आणि तोंडात घातलं.

आपण नाही का खात नातवंडांचं उष्टं? मी तर डाळ-भाताची ताटंच्या ताटं संपवलीत. प्रेमानंच खाल्लं होतं त्या बाईंनी. पण माझा हात टेबलावरून वर उठला. "अहो..." एवढं तोंडातून निघालंही. अंबरीषनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बाकी काही नाही. आणि मी तो उठलेला हात पाण्याच्या ग्लासाकडे नेला.

बाईंनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांची खुर्ची रिकामी होती. सगळीकडे हातमोजे घातलेली पोरं कठडे पुसत फिरत होती, आणि ब्लीचचा तो वास मला थेट वॉर्डात घेऊन गेला. मग एक गणवेशातली मुलगी आमच्या टेबलाशी आली, तीनतीनदा वाकली आणि काहीतरी विचारू लागली.

"पुडिंगवाली आजी आजारी आहे," आर्या माझ्या कानात म्हणाली. "उलटी. ही विचारते, आपल्यात कुणाला झाली होती का?"

अंबरीषनं हसून मान हलवली. इए, इए म्हणजे नाही, नाही. हे खोटं दुसऱ्यांदा. मुलगी वाकली, आभार मानून गेली. आर्या बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी अंबरीषला मराठीत म्हटलं, "अरे, आता तरी सांग. त्या बाईला निदान कळू दे कशामुळे झालं."

"सांगून काय होणार? त्या बऱ्या होणारेत का? आपल्याला मात्र खोलीत कोंडून ठेवतील. सही केलीय आई, मी. तूही केलीयेस."

डोक्यात अशी तिडीक गेली! पण केली होतीच ना सही. मी पुढ्यातला भात चिवडत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी इशिगाकी. कोबेला थंडीनं दात वाजत होते, इथे डिसेंबरात लोक अर्ध्या बाह्यांत. पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. आजारी माणसाला तीन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. धक्क्यावर उतरलो तर समोर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी. गोल चेहरा, कपाळावर तीळ. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. मागे उभ्या असलेल्या बाईच्या हातात पुठ्ठा, त्यावर मोठी ठळक अक्षरं.

"हा-त्सु-ए," आर्यानं वाचलं. "आजी! पुडिंगवाली आजी!"

"चल, बस सुटेल," अंबरीषनं तिचा हात ओढला. त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे लाज होती कुठेतरी. पण बस सोडण्याइतकी नव्हती.

मी काय केलं? गेले त्यांच्या मागोमाग. काचेच्या तळाच्या होडीत बसून प्रवाळ बघितले. लोक "ओहो" म्हणत होते, मीही म्हटलं. दुपारी परतलो तेव्हा खुर्ची तिथेच होती. कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण पुठ्ठा खाली ठेवला होता. तरी म्हातारी गेली नव्हती. एवढं अकरा मजल्यांचं जहाज, तिच्या बहिणीची खोली कुठली ते तिला काय ठाऊक? ती आपली सगळ्याच खिडक्यांकडे हात हलवत होती. आणि धाकटीच्या खोलीला खिडकीच नव्हती. जहाज सुटलं तरी तो हात हलत होता. मला स्वतःची इतकी घाण वाटली की खोलीत जाऊन दोनदा अंघोळ केली.

पुढची बेटं मी पाहिली नाहीत म्हटलं तरी चालेल. मियाको झालं, नाहा झालं. अंबरीष मला खूश करायला रोज नवा फोटो काढायचा. मी हसायचे, आणि फोटोतलं ते हसू न बघताच फोन परत करायचे.

शेवटच्या सकाळी कोबेला उतरताना हॉलमध्ये कुबोता-सान दिसल्या. अर्ध्या झाल्या होत्या. मास्कच्या वर नुसते डोळे. आम्हाला बघून स्वतःच लगबगीनं आल्या आणि कमरेत पार वाकल्या. हातात बिस्किटांचा खोका. त्या बोलत गेल्या आणि आर्या सांगत गेली.

"ती म्हणते सॉरी. तिच्यामुळे आपल्याला खूप ट्रबल झाला. ती आपल्या टेबलावर बसली होती ना. माझ्या वाटीतलं तिनं खाल्लं, ते फार चूक झालं म्हणते. मला काही झालं नाही ना, ह्याची तिला रोज काळजी वाटत होती. एकदम सॉरी म्हणते."

अहो, त्या माफी मागत होत्या! आमची! मी अंबरीषकडे बघितलं. आता तरी. आणि माझा मुलगा दोन्ही हात पुढे करून, पद्धतशीर वाकून, म्हणाला, "दाइजोबु देस." काही हरकत नाही. खोका घेतला. माफ केलं त्यानं त्या बाईला. पुढे सामानाच्या रांगेतून अस्मितानं हाक मारली तसा तो तिकडे गेला.

मी आर्याचा खांदा धरला. "आर्या, नीट ऐक. ह्या आजींना सांग, तुमची काही चूक नाही. मला आधीच उलट्या झाल्या होत्या. माझ्यापासून तुम्हाला झालं. माझ्या आजीला सगळं माहीत होतं आणि ती गप्प बसली. आजी तुमची माफी मागते. सांग."

आर्यानं एकदा बापाच्या पाठीकडे बघितलं. मग बोलली. बरंच बोलली, थांबत थांबत. मी हात जोडून उभी होते. कुबोता-सानांचे डोळे भरले. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, थोपटले, आणि पुन्हा वाकल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सात दिवसांत पहिल्यांदा छातीत श्वास गेला. एवढं मोठं मन! टॅक्सीत बसेपर्यंत त्या वळून वळून बघत होत्या.

परतीच्या गाडीत अंबरीष-अस्मिता पुढच्या सीटवर, आम्ही दोघी मागे. मी आर्याला जवळ घेतलं. "शहाणी माझी बाय. मी सांगितलं ते ऐकून काय म्हणाल्या गं त्या?"

"मी ते नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"मी सांगितलं, आजी म्हणते तुम्ही बऱ्या झालात, खूप छान वाटलं. पुढच्या वर्षी बहिणीला नक्की भेटा. मग ती थँक यू म्हणाली. म्हणाली, पुढच्या वर्षी ताई असली तर. तुझी आजी खूप गोड आहे म्हणाली."

माझ्या हातांना अजून कुबोता-सानांचा हात लागल्यासारखा वाटत होता. "का गं? का नाही सांगितलंस?"

आर्यानं माझ्याकडे असं बघितलं की वेड्यासारखं काय विचारते ही. "बाबा म्हणाला होता ना, उलटीचं कुणाला सांगायचं नाही. मी कुणालाच नाही सांगितलं." मग जरा गर्वानं, "तूपण नाही सांगितलंस ना, आजी? पुडिंगच्या वेळी? मी बघितलं."

पुढून खोका आला. "आई, घे ना, मस्त आहेत. नानकटाईसारखी," अंबरीष म्हणाला. त्याच्या तोंडात एक होतंच.

आर्यानं एक उचललं, अर्धं खाल्लं, नाक मुरडलं. ओलं झालेलं, दातांच्या खुणांचं ते उरलेलं अर्धं माझ्या ओठांशी आणलं. "मोत्ताइनाई, आजी. तू खा."

लोकांची किती घाण काढली आयुष्यात. कधी नाक मुरडलं नाही. आणि माझ्याच नातीच्या, सात वर्षांच्या लेकराच्या उष्ट्याची मला किळस आली. तिचा काय दोष? जे समोर वाढलं तेच तिनं खाल्लं. पण तोंड काही उघडेना. पोर हात तसाच धरून वाट बघत होती आणि पोटातून काहीतरी वर वर येत होतं.

"अस्मिता," मी म्हटलं, "पिशवी आहे का गं एखादी?"