भोंग्यानंतरचा खेळ

“खेळत राहा रे! कोनी मैदान सोडाचं नाही!”

बॉल शिकवणाऱ्या सेवकरामभाऊंचा तो आवाज मुरारीच्या कानातून कधी गेलाच नाही. तेव्हा तो लहान होता. खदानीचा भोंगा अवेळी वाजला होता, आणि सेवकरामभाऊंनी पोरांना मैदानावर खेळवत ठेवलं होतं. वस्तीची रीतच तशी. पूर्वी एकदा पोरांनी खदानीच्या तोंडाशी गर्दी केली, जखमींच्या खाटेला वाट मिळाली नाही. तेव्हापासून असा अवेळी भोंगा झाला की आया तिकडे धावत, आणि पोरं बॉल शिकवणाऱ्याच्या हवाली. त्या संध्याकाळी मुरारीनं गोल मारले होते, नाचला होता. घरी गेला तर अंगणात बापाला आंघोळ घालून झाली होती.

आता एक्याऐंशी साल. मुरारी त्याच खदानीत पहिल्या पाळीला मॅंगनीज भरायचा, आणि दिवस कलला की वस्तीच्या पोरांना बॉल शिकवायचा. मोहाची फुलं गळायचे दिवस. गोमाजीची पोर धुरपता गोलात उभी होती.

“बॉल पकडतेस का भाकर थापतेस वो?” पोरांतल्या डोमानं खिजवलं.

“ये ना समोर, तुहं थोबाडच थापून देईन!”

पोरं हसत होती. तेवढ्यात भोंगा वाजला. लांब, थांबेचना.

हसू जागीच वाळलं. वस्तीतून बाया निघाल्या, पदर सावरत, कुणी पिठाच्या हातांनी. कोणी रडत नव्हतं. तेच भयाण होतं.

“खेळा,” मुरारी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

पोरं खेळू लागली. ओरडा नाही, भांडण नाही. पायांचा तेवढा आवाज.

खदानीतला बाबूलाल सायकलवरून आला, उतरलाही नाही. मुरारीच्या कानाशी वाकला. “छत बसलं. बाकीचे निंगाले. गोमाजी आतच हाय.” आणि गेला.

मुरारीनं गोलाकडे पाहायचं टाळलं.

“दादा,” धुरपतानं हाक मारली, “कोन हाय खाली?”

“मालूम नाही. बॉलकडे पाह्य.”

बॉल तिच्या बाजूनं सरपटत आत गेला. ती हललीच नाही. गोल झाला म्हणून कुणी नाचलं नाही. तिची नजर खदानीवर.

“माहा बाबा दुसऱ्या पाळीले हाय, दादा. मी घरी जाऊ का?”

“कायले? माय येईल ना तुही.”

“माय तर तिकडंच धावली.”

सांगितलं तर पोर धावेल, तिच्यामागं सगळी धावतील, वाट अडेल. नाही सांगितलं तर ती इथं बॉल अडवत राहील, आणि तिकडे... सेवकरामभाऊ वाईट नव्हते. पण त्या गोलांची लाज मुरारीच्या अंगावरून अजून उतरली नव्हती.

त्यानं बॉल उचलून डोमाच्या हातात दिला.

“डोमा, ह्या पोरायले इथंच बसव. आमच्यामागं एकबी खदानीकडं आला नाही पाहिजे. तू मोठा हायस.”

“हाव, दादा.”

मग तो गोलापाशी गेला. धुरपतासमोर उकिडवा बसला, तिचे धुळीनं काळे झालेले हात आपल्या हातात धरले.

“धुरपते, मी खोटं बोललो. तुहा बाबा आत हाय. छत बसलं. काढून राहिले त्याले. जिता हाय का नाही, मले खरंच मालूम नाही.”