चौदावा रकाना

कचेरीत मला सगळे 'शंभर टक्केबाई' म्हणतात. आता ते ऐकलं की कानशिलं तापतात, पण गेल्या महिन्यापर्यंत मी ते नाव मिरवत होते.

काम साधंच. सरकार देशातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवतं. आमच्या भागातल्या फायली माझ्या टेबलावर येतात आणि मी त्या कॉम्प्युटरवर चढवते. वय, गाठ कुठे, कितव्या टप्प्यावर सापडली. चौदावा रकाना सिगारेटचा. ओढत असेल तर एक, सोडली असेल तर दोन, कधीच ओढली नसेल तर तीन, आणि माहीत नसेल तर नऊ.

बऱ्याच फायलींत डॉक्टरांनी ती जागा कोरीच सोडलेली असते. तिथे नऊ टाकायचा, असा नियम आहे. पण नऊ जास्त झाले की मुख्य कचेरी अख्खा गठ्ठा परत पाठवायची, वर साहेबांची बोलणी. दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, फुप्फुसाचा कॅन्सर आहे ना, मग ओढतच असणार मेले! आग असल्याशिवाय धूर निघतो का? कोऱ्या जागी सरसकट एक टाकायला लागले. अकरा वर्षं टाकला. गठ्ठा परत आला नाहीच, उलट 'शंभर टक्के पूर्ण नोंदी' असं प्रशस्तिपत्र आलं. चौकटीत घालून टेबलामागे टांगलंय.

माझी वहिनी शिवणकाम करते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिनेच मला वाढवलं. तिला खोकला लागला तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले.

"सिगारेट ओढता?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर दोराच ओढतेय, डॉक्टर," वहिनी म्हणाली, आणि हसता हसता खोकली.

डॉक्टरांनी कपाटातून नोंदणीचा अहवाल काढला. "हे बघा, तुमच्या भागात या रोगाच्या शंभर रुग्णांत न ओढणारे जेमतेम दोन. तुमची ॲलर्जी दिसतेय. छातीच्या फोटोबिटोची घाई नको."

आणि मी, शहाणी, फुगून म्हणाले, "आमच्याच कचेरीचा आकडा आहे तो!"

"आमच्या वन्सं कामात पक्क्या हो," वहिनीने डॉक्टरांना सांगितलं.

आठ महिने ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग रुमालावर रक्त दिसलं. फोटो काढला, तेव्हा गाठ हाडांपर्यंत पोचली होती. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी नशिबाला बोल लावत बसले.

माझी एक सवय आहे. नवा गठ्ठा आला की आधी चौदावा रकाना उरकायचा, कोरा दिसला की एक, आणि मग वरून नाव-पत्ता बघायचा. त्या सकाळी तसंच केलं. एक, एक, एक. मग तिसऱ्या फॉर्मचा पत्ता वाचला. दादा-वहिनीच्या घराचा.

हिला मी ओढणारी करून टाकलं! जिने आयुष्यात पेटती काडी धरली ती फक्त चुलीसाठी, तिला! आणि मग त्या शंभरातल्या दोघांचा उलगडा झाला. तो आकडा ना डॉक्टरांचा होता ना देशाचा, तो माझ्या बोटाचा होता.

एकाचा तीन केला आणि तोंड शिवून बसले. कुणाला कळणार होतं? चार दिवस जुन्या फायली उपसून मोजत राहिले. चारशे बारा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी साहेबांच्या नावाने कबुलीचं पत्र लिहिलं, पण ते द्यायच्या आधी वहिनीपुढे जाऊन उभी राहिले.

ती उशीला टेकून दादाच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. मी सगळं सांगितलं. गठ्ठे, बोलणी, अकरा वर्षं, डॉक्टरांच्या हातातलं पान. तिची सुई थांबली.

"आठ महिने," ती म्हणाली. एवढंच.

"वहिनी, दोन थोबाडीत दे, पण बोल."

तिने सुई सदऱ्यात टोचून ठेवली. मग तिने विचारलं, "त्या चारशे बारांत माझ्यासारखे किती असतील?"

"माहीत नाही."

"मग तेच लिहायचं होतं ना, वन्सं."

तिने दोरा दातांनी तोडला आणि दुसरी गुंडी घेतली. मला बस म्हणाली नाही.

पत्र साहेबांना दिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. सध्या मी चारशे बारा फॉर्म एकेक उघडून चौदाव्या रकान्यात नऊ टाकतेय. गठ्ठा परत येणार, बोलणी बसणार. रोज संध्याकाळी वहिनीकडे जाते. ती चहा विचारते, औषधाची वेळ विचारते. कामाचं काही विचारत नाही.