आईच्या दोडक्याचं बी

आमचे हे, उकंडराव, म्हणजे देवाचे वकीलच. पाय घसरला पण पडले नाहीत, देवाची कृपा. चहात गूळ बेताचा पडला, तीही देवाचीच कृपा. मी चिडून म्हणायची, "देवाले दुसरा धंदा नाही का? तुमच्या चाहात गूळ टाकाले बसला थो?" ते नुसते हसायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. त्यातून वडनेरच्या मळ्यात दिवसभर वाकून भाजी तोडणाऱ्या बाईला देव आठवतो तो कंबर धरल्यावरच.

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शालिग्रामचं लग्न झालं. सून रोहिणखेडची, नाव कोकिळा. कामाला वाघीण, बोलणं मात्र मोजकं. त्याच उन्हाळ्यात मी नांदुऱ्याच्या बाजाराला गेले होते. घरात सरपण संपलं, म्हणून तिनं चुलीवरच्या भिंतीला थापलेल्या सहा गोवऱ्या काढल्या आणि चुलीत घातल्या.

त्या जाळायच्या नव्हत्याच. आमच्याकडे दोडक्याचं बी शेणात दाबून भिंतीला थापतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही. तिच्या माहेरी बी राखेत कालवून मडक्यात ठेवत. तिला बिचारीला काय ठाऊक?

पण ते बी साधं नव्हतं. लग्नात माझ्या आईनं पदराला बांधून दिलेलं होतं. आई गेली, माहेर तुटलं, मागं राहिलं ते एवढंच. दरवर्षी पहिला दोडका खुडताना मला आई भेटल्यासारखं व्हायचं.

बाजारातून आले आणि मोकळी भिंत पाहिली. मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "माही माय जाळली तू!" असंही म्हणाले. शालिग्राम उठून बाहेर गेला. हे म्हणाले, "अवं, लेकरू हाय ते," तर यांच्याही अंगावर धावले. कोकिळा रडली नाही. चुलीपुढं बसली आणि हातानंच राख उकरायला लागली. तळाची एक गोवरी अर्धवट जळली होती. तिच्यातून पाच बिया निघाल्या.

त्या तिनं विहिरीजवळच्या आळ्यात स्वतः लावल्या. सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालायची. सहा दिवस गेले, आठ गेले, माती होती तशीच. मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

नवव्या दिवशी ती भाकरी थापत होती. पिठावर हात पडला की ओठ दाबायची. मी तिचा हात ओढून पाहिला. तीन बोटांच्या शेंड्यांवर फोड येऊन फुटले होते. नऊ दिवस याच बोटांनी थापलेल्या भाकरी मी खाल्ल्या होत्या, आणि तेही तोंड फुगवून.

"काऊन सांगतलं नाही वं?"

"तुमचं याच्याहून मोठं जळलं होतं, आत्याबाई."

मला माझीच लाज वाटली. तिला बाजूला बसवून मी बोटांना तूप लावलं. म्हटलं, "बी नाही उगवलं तं नाही उगवलं. बोटं बरी होईस्तोवर चुलीले हात लावू नको." तेव्हा कुठं ती रडली, आणि तिच्याबरोबर मीही. आमचे हे ओसरीवरून सगळं ऐकत होते, पण देवाचं नाव काही काढलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

अकराव्या दिवशी ती मळ्यातून पळत आली आणि काही न सांगता मला हाताला धरून घेऊन गेली. आळ्यात एकच कोंब वर आला होता, टरफल अजून डोक्यावर घेऊन.

"एकच हाय, आत्याबाई," ती ओशाळून म्हणाली.

"एका वेलावर गावाले पुरंल एवढं बी धरते, पोरी."

बोलले खरं, पण माझं ध्यान कोंबाकडं नव्हतंच. देवानं माझ्या घरी काय धाडलं होतं ते मला तिथं कळलं. आई गेल्यापासून मला असं हाताला धरून कुणी कुठं नेलं नव्हतं, आणि ही पोर अजून हात सोडत नव्हती.