तराजूची रीत

उमरग्याच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर हाताने लिहाव्या लागत. वर्गमूळाचं चिन्ह काढताना लेखणीवर जरा जास्त जोर पडला की मेणकागद फाटायचा आणि सगळं पान पुन्हा लिहावं लागायचं. पुढे टाइपरायटर आला, पण त्यात वर्गमूळ नव्हतं. कारकून तेवढी जागा मोकळी सोडायचा आणि मी ती शाईने भरायची. त्यानंतर चाळीस वर्षांनी, सत्तरी गाठल्यावर, मी तुळजापूरच्या घरात बसून संगणकावर समीकरणं लिहायला शिकले.

निमित्त होतं एका पुस्तिकेचं. दहावीच्या मुलांसाठी सोप्या रीतींचं छोटं पुस्तक काढायचं शिक्षकांच्या एका मंडळाने ठरवलं आणि मजकूर माझ्याकडे मागितला. छापखान्यातून पहिलं प्रकरण टाइप होऊन आलं, तर वर्गाचा दोन सगळीकडे खाली उतरून x च्या शेजारी बसलेला आणि अपूर्णांकांच्या रेघा गायब. म्हटलं, आपणच करू.

शेजारच्या शिवांजलीचा संगणकाचा क्लास आहे. कधीकाळी ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. आता संध्याकाळी येऊन माझ्या मागे उभी राहायची आणि जुने हिशोब चुकते करायची.

"बाई, कंस उघडलात तर बंद करा. तुम्हीच शिकवलंय."

"करते. घाई करू नकोस."

"आमाला तर तुम्ही छडी घेऊन घाई करायचात."

आठवडाभरात मला जमायला लागलं. समीकरणाची चौकट उघडायची, टोपीसारखी खूण देऊन दोन लिहिला की तो आपोआप वर चढून बसतो. तिरकी रेघ दिली की अपूर्णांक उभा राहतो. पहिल्यांदा वर्गमूळाचं छप्पर आतल्या संख्येबरोबर लांब होत गेलं, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मला फाटलेले मेणकागद आठवले.

एक मांडणी पुस्तिकेत दहा-बारा ठिकाणी येणार होती. शिवांजली म्हणाली, "दरवेळी नव्यानं कशाला लिहिता? एकदा जतन करून ठेवा. यादीत येईल, मग नुसतं बोट ठेवायचं." तिने यादी उघडून दाखवली. त्यात वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं, पायथागोरसचा सिद्धांत होता. मग पडद्यावर समीकरणाचं नाव विचारणारी एक छोटी चौकट आली.

"काय देऊ?" मी विचारलं.

"चारुशीलाबाईंची रीत म्हणा की. सगळे तेच म्हणतात."

सगळे तेच म्हणतात, हे खरं होतं.

ती रीत अशी. दोन संख्यांची बेरीज चौदा आहे आणि गुणाकार पंचेचाळीस, तर त्या संख्या कोणत्या? आम्ही मुलांना पंचेचाळीसचे अवयव पाडून जोड्या तपासायला शिकवत होतो. १९८२ साली नववीच्या सहामाहीत एका मुलीच्या पेपरात अवयव नव्हतेच. तिने तराजू काढला होता. दोन्ही पारड्यांत सात-सात. सात साती एकोणपन्नास. हवेत पंचेचाळीस, म्हणजे चार जास्त झाले. चारचं वर्गमूळ दोन. म्हणून एका पारड्यातले दोन काढून दुसऱ्यात टाकले. पाच आणि नऊ.

मी त्यावर लाल शाईने लिहिलं, 'रीत चुकली', आणि शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. मल्लम्मा बिराजदार. तिच्या वडिलांचा बाजारात भाजीचा गाळा होता. घरात कानडी बोलत, त्यामुळे वर्गात ती फारशी तोंड उघडायची नाही.

"बाई, उत्तर तर बरोबर हाय की."

"उत्तर नाही बघत मल्लम्मा, रीत बघतात."

"ही बी रीतच हाय."

"जा, जागेवर बस."

ती बसली. मी मात्र घरी येऊन त्या तराजूत दुसऱ्या संख्या घालून पाहिल्या. अपूर्णांक घातले, ऋण संख्या घातल्या. दरवेळी उत्तर आलं. पुढच्या वर्षी मी ती रीत वर्गात शिकवली. मग तपासणीला आलेल्या साहेबांसमोर शिकवली, मग जिल्ह्याच्या शिबिरात. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. कुणीतरी तिला 'चारुशीलाबाईंची रीत' म्हटलं आणि मी हसले. नाही म्हणाले नाही. जगात ती रीत आधीही कुणाकुणाला सुचली असेल, असं मी मनाला सांगत आले. पण मला ती जगाकडून मिळाली नव्हती, नववीतल्या एका मुलीकडून मिळाली होती. तोवर मल्लम्माचं लग्न होऊन तिची शाळा सुटली होती. ती शून्य मार्कं मी कधी दुरुस्त केली नाहीत.

त्या चौकटीत मी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मल्लम्मा बिराजदार'.

"ह्या कोण?" शिवांजलीने विचारलं.

"होती एक मुलगी."

काम बंद करताना संगणकाने आणखी एकदा विचारलं, नवीन भर घातली आहे, ती ठेवायची का? मी 'होय' दाबलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी यादी उघडून पाहिली, पायथागोरससोबत तीही होती.

एवढ्यावर मी समाधान मानलं. पण त्या प्रकरणावरचा मथळा 'चारुशीलाबाईंची रीत' असाच होता आणि तो मला दिसत होता. यादीतलं नाव पानावर उमटत नाही, हेही मला कळलं होतं. शिवांजलीने फाइल पेनड्राइव्हवर घेताना सांगितलंही होतं, "बाई, यादी ह्याच मशीनमध्ये राहते बरं का. छापखान्यात नुसतं समीकरण जाणार." मी म्हटलं, "असू दे."

पाचशे पुस्तिका छापून आल्या. एक प्रत पिशवीत घालून मी उमरग्याची एसटी धरली. एका जुन्या सहकाऱ्याने पत्ता काढून ठेवला होता. पत्ता तोच होता, बाजारातला गाळा. नवरा गेल्यावर मल्लम्मा माहेरी परतली होती आणि वडिलांच्या मागे गाळा चालवत होती. समोर विजेवरचा काटा होता, जुना तराजू मागे खिळ्याला टांगलेला.

तिने मला लगेच ओळखलं. क्रेट पालथा घालून, पदराने पुसून मला बसायला दिला, चहा सांगितला.

"बाई, लई वाळलात तुम्ही."

मी सगळं एका दमात सांगितलं. तिची रीत, माझं नाव, इतकी वर्षं. ती ऐकत ऐकत मेथीच्या जुड्या लावत होती. तिला तो पेपर आठवत होता. "शून्य दिलं होतं तुम्ही," ती म्हणाली. रागाने नाही, भाव सांगावा तसं.

मग मी पुस्तिका काढून दिली. म्हटलं, "आता मी तुझं नाव घातलंय त्यात."

तिने हात पुसले, चष्मा लावला, पान उघडलं. मथळा वाचला. खाली वाचलं. मागचं पान पाहिलं.

"कुठं हाय?"

"छापलेल्यात नाही. संगणकात आहे. ते समीकरण तुझ्या नावाने जतन केलंय."

"कुणाच्या संगणकात?"

"माझ्या."

ती जराशी हसली. "मग काय. तुमच्याजवळच ऱ्हायलं की."

एक गिऱ्हाईक आलं. तिने अर्धा किलो वांगी मोजून दिली, तोवर मी पर्समधून पेन काढलं. मथळ्यातलं माझं नाव खोडून वर तिचं लिहायला लागले, तर तिने पुस्तिकेवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या बाई. मला ठावं हाय कुणाची हाय ती. ज्यांना ठावं न्हाय त्यांच्या पुस्तकात लिहा."

तिने पुस्तिका काट्याशेजारी ठेवली. निघताना माझ्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या आणि मी देत असूनही पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी फाइल उघडली. मथळा बदलला, 'मल्लम्मा बिराजदार यांची रीत'. खाली चार ओळी लिहिल्या, कोणत्या साली, कोणत्या इयत्तेत, आणि शून्य कुणी दिलं तेही. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मंडळाच्या चिटणिसांना, वसंतरावांना फोन केला.

"बाई, पुस्तिका तर वाटून झाल्या सगळ्या. पार भूम-वाशीपर्यंत गेल्या. मुलांना ती तुमची रीत फार आवडलीय."

"दुसरी आवृत्ती?"

"बघू पुढच्या वर्षी. अभ्यासक्रम बदलला नाही तर."

ती फाइल अजून तशीच आहे. अधूनमधून मी उघडून बघते, स्वल्पविरामही न हलवता पुन्हा जतन करते. समीकरणांची यादी उघडली की त्यात मल्लम्माचं नाव येतं. ह्या खोलीत ते वाचायला मी एकटीच असते.