नंबरातला हंडा

बालमित्रांनो, माझ्या लोखंडी दांड्याची शपथ, गावच्या भैरोबाची शपथ, आता सांगतो त्यातला शब्द न शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझं पाणी आटू दे.

मी एक जुना हापसा हाय. कर्जत तालुक्यातल्या माळावरच्या एका वस्तीत, लिंबाखाली उभा हाय. मला बसवलं तवा बोअरची गाडी तीन दिवस गरगरत हुती. पाईप इतके खोल गेले, की खालून शेषनाग म्हणाला, "बास करा रं बाबांनो, टाळूला टोचतंय." म्हणून तर दुष्काळातबी मी आटलो न्हाई. लोकांनी मला हार घातले, नारळ फोडले. मग घरोघर नळ आले अन माझ्या दांड्याला शेळ्या बांधाय लागले. पण नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा. शेवटी बाया आल्याच माघारी.

आमच्या हितं एक रीत हाय. संध्याकाळी बाया आपापले हंडे माझ्यापुढं ओळीनं लावून जातात. सकाळी नंबर आला अन बाई आली न्हाई, तर मागचीनं तिचा हंडा भरायचा अन घरी पोचवायचा. भरला हंडा दारातून माघारी आणायचा न्हाई. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी पाडलेली रीत ही.

रोहिणी रोज यायची. तिचा नवरा अजिनाथ सुप्याच्या कारखान्यात टेम्पो चालवायचा, आठवड्यानं घरी यायचा. तो येऊन गेला की रोहिणी एका हातानं दांडा हापसायची. हाताचं वजन कसं पडतं, ते माझ्याइतकं कुणाला कळायचं?

एकदा तिचा गाल काळानिळा हुता.

"काय झालं गं?" म्हाताऱ्या भागूबाईनं विचारलं.

"म्हशीनं ढुसनी दिली, मावशी."

"कोनती म्हैस? तुमी तर दिवाळीला इकली की."

रोहिणीनं मान खाली घातली. हंडा अर्धाच भरला अन गेली. बाकीच्या बाया पदरात हसल्या. मला तवा लई राग आला, पण हापशानं रागवायचं कसं? नुसता करकरलो.

मग परवाच्या उन्हाळ्यात एका सकाळी रोहिणीचा हंडा तिसऱ्या नंबरावर, अन रोहिणी न्हाई. भागूबाईनं तो भरला, डोक्यावर घेतला अन म्हणाली, "एकटी कशाला जाऊ? चला गं." अन मित्रांनो, तिच्यासकट अकराच्या अकरा बाया भरले हंडे घेऊन निघाल्या.

दारात सासू, राहीबाई. म्हणाली, "ठेवा उंबऱ्यावर, मी घेते आत."

"तुझी कंबर धरलीया, तुला उचलंल व्हय?" म्हणत भागूबाई थेट आत. तिनं हंडा रांजणात रिता केला. मागून बिबीजाननं, तिच्यामागं पुष्पावतीनं. रांजण भरून पाणी घरभर झालं, मोरीतनं गटारीत, गटारीतनं माझ्यापाशी आलं. त्या पाण्यानंच मला सगळं सांगितलं.

आत रोहिणी भिंतीला टेकून बसलेली. मनगट सुजून भोपळ्यागत. लेक पंकजा तिच्या मांडीत तोंड घालून बसलेली.

रातीच घरी आलेला अजिनाथ म्हणाला, "आमच्या घरातली गोष्ट हाय. पानी ठेवलं न्हवं? निघा आता."

"घरातली हाय म्हनून तर घरात आलो, बेटा," बिबीजान म्हणाली, अन तिथंच ओल्यात बसली.

भागूबाईनं रोहिणीपुढं बैठक मारली. "हे बघ पोरी, काय करायचं ते तू सांग. राहायचं तर राहा, यायचं तर ये. आमी तुला ढकलनार न्हाई, अन टाकूनबी जानार न्हाई."

रोहिणीनं पंकजाच्या डोक्यावर चांगला हात ठेवला अन म्हणाली, "दवाखान्यात जायचंय. माझं आधार कार्ड ह्यांच्या खिशात हाय."

भागूबाईनं अजिनाथपुढं हात पसरला. तो खेकसला, दरवाज्यावर लाथ मारली. हात पसरलेलाच. पुष्पावतीनं मोबाईलवर एकशे एक्याऐंशी, बायांच्या मदतीचा सरकारी नंबर, लावला अन वस्तीचं नाव मोठ्यानं सांगाय लागली, तवा कार्ड हातात पडलं.

जीपनं दवाखान्यात नेलं. हाड मोडलं हुतं. डॉक्टरीणबाईनं विचारून सगळं लिहून घेतलं, म्हशीचं नाव न घालता. पुढं संरक्षण अधिकारी बाई आल्या, कोर्टाचा हुकूम झाला. रोहिणी त्याच घरात राहती, अजिनाथला तिथं पाय ठेवायला मनाई हाय. राहीबाई अजून तिच्याशी धड बोलत न्हाई. मनगट थंडीत दुखतं. पण आता ती हंडा काठोकाठ भरती.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, वरसातून एकदा ग्रीस घाला. पण माझ्यापाशी येणाऱ्या बाईकडंबी बघत जा. तिनं सांगितलेलं कारण पटलं न्हाई तर हसू नका. कुणी नसताना हळूच विचारा. अन एकशे एक्याऐंशी पाठ करून ठेवा.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगतो. शेषनागाचं खरं हाय, त्यात शंका नको. पण एक गोष्ट मी मनानं घातली. अकरा बाया गेल्या न्हवत्या. तिघीच गेल्या. बाकीच्या आठ माझ्यापाशी उभ्या राहून आपापल्या हंड्यात बघत हुत्या. तेवढं खोटं तुमी मोठं झाल्यावर खरं करा.