मोगरी आणि न उचललेला हात

मित्रांनो, मी एक जुनी मोगरी आहे. बाभळीच्या लाकडाची, ठेंगणी, जाड डोक्याची. पण दिसण्यावर जाऊ नका! थळच्या बाजूला खाडीकाठी एक गाव आहे. तिथे चांगदेवआजोबांनी मला तासून घडवलं. समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावकरी मातीचे बांध घालतात. त्या बांधाचे खुंट ठोकायचं काम माझं. उधाणाने बांध फुटला की घरटी एक माणूस यायचा, आणि एकही घर कमी असलं तर आजोबा कामाला हात घालू देत नसत. काय मान होता माझा तेव्हा! पुढे जेसीबी आला आणि मी पडवीच्या कोपऱ्यात जाळ्या-जळमटांच्या संगतीला जाऊन पडले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग आजोबांची नात प्राप्ती मला शाळेत घेऊन गेली. भावनाबाईंनी नववीच्या वर्गात संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद भरवली होती. पंधरा मुलं म्हणजे पंधरा देश. पाच कायमचे, दहा दोन वर्षांपुरते निवडून आलेले. प्राप्ती अध्यक्ष, आणि ठोका देऊन निकाल जाहीर करायला अध्यक्षाच्या हातात अस्मादिक!

बाईंनी नियम सांगितला, “ठराव मंजूर व्हायला निदान नऊ हात हवेत. पण कायमच्या पाचांपैकी एकानेही विरोधात हात उचलला, तर ठराव पडला. याला म्हणतात नकाराधिकार.”

साक्षी बुडत चाललेल्या एका बेटाची प्रतिनिधी होती. बेटाला बांध घालायला जगाने मदत करावी आणि दोषी देशांनी चूक कबूल करावी, असा तिचा ठराव. पोरगी जीव तोडून बोलली. बोलणारच! तिच्या बाबांच्या शेतात यंदा खारं पाणी शिरलं होतं आणि तिथला बांध अजून फुटकाच होता.

“मी विरोध करणार हाय,” कायमच्या पाचांतला मितेश ताडकन म्हणाला. त्याच्या वडिलांचे ट्रक खाडीच्या तोंडाशी भराव टाकत. पाणी त्यामुळेच चढलं, असं गाव बोलायचं.

मधल्या सुट्टीत साक्षीने त्याला व्हरांड्यात गाठलं. मी प्राप्तीच्या काखेत होते, सगळं ऐकलं.

“तुला नक्की टोचतंय काय?”

“तो दोषाचा शब्द. सगळा गाव आमच्याकडंच बोट दाखवतो.”

साक्षीला राग आला होता, मला दिसत होतं. पण तिने तो गिळला. “शब्द काढते. बांध मात्र ऱ्हायला पायजे.”

“मग मी हातच उचलणार न्हाय. बाजूने न्हाय, विरोधातबी न्हाय.”

मित्रांनो, यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात. समोरच्याचा मान राखायचा आणि आपलं काम काढायचं.

मतदान झालं. बाजूने अकरा हात वर, विरोधात एकही नाही. मितेशचे दोन्ही हात मांडीवर. आमची प्राप्ती आजोबांच्याच वळणाची! मला उचलून म्हणाली, “एक मोठं घर आलंच न्हाय. ठराव पडला!”

मी आपटले असते तर साक्षीची सगळी मेहनत पाण्यात!

“थांब!” साक्षी ओरडली. “तो आला न्हाय, पण आडवाबी आला न्हाय!”

बाई हसल्या. “बरोबर. तटस्थ राहणं म्हणजे नकार नव्हे.”

तेव्हा कुठे माझा ठोका पडला. ठराव मंजूर! टाळ्यांनी वर्ग दणाणला, पण साक्षी काही हसली नाही.

“बाई, आता बांध कोण घालणार?”

“परिषदेकडे स्वतःची फावडी नसतात गं. ती ठरवते, माणसं आणि पैसा देशांनी द्यायचा. काहींनी नाही दिला, तर ठराव कागदावरच राहतो.”

मितेश खाली मान घालून उठला आणि साक्षीच्या बाकाशी जाऊन हळूच म्हणाला, “बाबांशी बोलतो मी. रविवारी मातीचा ट्रक घेऊन येतो. तुमच्या बांधावर.”

मित्रांनो, आता माझी जागा बाईंच्या टेबलावर आहे. तुमचं भांडण घेऊन खुशाल या. मला तेल लावा, जपा, पण उचलण्याची घाई करू नका. आधी समोरच्याला विचारा, “तुला काय टोचतंय?” ठोका मी केव्हाही देईन.