कडी बाहेरून

त्या काळी पुढाऱ्यांची भाषणं घरातच घोटली जात. साहेबांचीही तशीच. विधिमंडळात ते पक्षाचे नेते. पण सकाळचा चहा झाला की मागच्या खोलीच्या बंद दारासमोर स्टूल ओढून बसत आणि शाळकरी मुलासारखं भाषण म्हणून दाखवत. दाराआड त्यांची मोठी बहीण ऐके.

एक टकटक झाली की आवाज वाढवायचा. दोन झाल्या की वाक्य खोटं वाटतंय. लहानपणी अडखळत बोलणाऱ्या भावाला ताईनेच असं बोलतं केलं होतं. तेव्हा मध्ये दार नव्हतं.

ताई ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली. साहेब पहिल्या निवडणुकीचा अर्ज भरायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "ती आडवी यायला नको रे." साहेबांनी स्वतःच्या हाताने बाहेरून कडी लावली. निवडून आले. मग प्रत्येक मोठ्या कामाच्या सकाळी कडी लागू लागली. नगरसेवकाचे आमदार झाले, आमदाराचे नेते. कडीला गंज चढला नाही. वापरातल्या वस्तूला तो चढत नाही.

त्या दिवशी विधवांच्या सन्मानाचं विधेयक मांडायचं होतं.

"या राज्यात यापुढे एकही विधवा कोपऱ्यात बसणार नाही," साहेब म्हणाले.

दोन टकटक.

त्यांनी 'एकही'वर जोर देऊन पुन्हा म्हटलं. पुन्हा दोन.

"ताई, शब्द चुकला का?"

"शब्द छान आहेत. तुझे शब्द कधी चुकलेत?"

"मग?"

"ऊठ, उशीर होईल."

आई मागे येऊन उभीच होती. "चल बाबा. आणि ती कडी बघ जरा, सैल झालीय."

साहेबांनी कडी दाबून बसवली.

सभागृहात ते वाक्य आलं आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. टकटक थांबेना. साहेबांना ती दाराआडची वाटली. पुढचं काही आठवेना. पाणी प्यायले, "उरलेलं उद्या बोलेन" म्हणाले आणि खाली बसले.

"साहेब, घशात मंत्रिपद अडकलं का?" समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

घरी येऊन त्यांनी आधी कडी काढली. ताई उशीची खोळ शिवत होती.

"उद्या प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बस. माझ्यासमोर."

"घरातून कुठल्या दाराने निघू?"

"पुढच्या. माझ्याबरोबर."

ताईने दोरा दाताने तोडला. "मग आधी आईसमोर बोल. सभागृह काही पळून जात नाही."

आई पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले. भर मैदानात माईक बाजूला सारणारा तो आवाज इथे हळू निघाला.

"आई, उद्या ताई..." पुढचं तोंडातल्या तोंडात राहिलं.

"काय पुटपुटतोस?"

मागे, उघड्या दाराच्या चौकटीवर, एकच टकटक झाली.